गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

मिरजेची_लेक:
नमस्कार मंडळी. यंदा अनंत चतुर्दशीला सासू-सासरे गावाकडून पुण्याला येतायत. सासऱ्यांची फार वर्षांची इच्छा आहे, मानाचे पाच गणपती मिरवणुकीत डोळ्यांनी बघायचे, टीव्हीवर नाही. म्हणजे आम्ही दोघं, सासू-सासरे, नणंद आणि माझी दोन पोरं, एक नऊ वर्षांची, एक चार वर्षांचा.

मला गर्दीची भीती नाही. मिरजेची आहे, आमच्याकडची विसर्जन मिरवणूकसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पण तिथे गाव आपलं असतं, कोणी चुकलं तर चालत घरी जातं नाहीतर ओळखीच्या दुकानात बसतं. इथे सासूबाईंना आमच्या सोसायटीचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही (बिल्डरने ठेवलंय तेच तसलं इंग्रजी, त्यांचा काय दोष). त्यांच्याकडे बटनांचा मोबाईल आहे, तो बंद करून बटव्यात ठेवतात कारण "चार्जिंग उगाच संपतंय". सासऱ्यांकडे मोठा फोन आहे पण ढोल-ताशात रिंग काय डोंबल ऐकू येणार. आणि त्यांची सवय अशी की चालता चालता कुठेही थांबतात, रांगोळी बघतील, कुणाला गाव विचारतील, आपण आपले बोलत बोलत पुढे.

हात धरून चला, फोन चार्ज करून ठेवा हे माहितीये. त्यापलीकडचं काहीतरी सांगा.

तिरकस:
सोपं आहे. सगळ्यांनी ढोल पथकात नावं घाला. दोरीच्या आत असलेला माणूस आजवर हरवलेला नाही.

लोकलवाला:
पुण्याचं पुणेकर सांगतील, मी आमचा लोकलचा नियम सांगतो, तो सगळीकडे चालतो असं माझं मत. आमच्या घरात हा नियम पोरांना पाढ्यांबरोबर शिकवलाय. दादरला गर्दीत चौघं चढायला जातात, तिघं चढतात, एक प्लॅटफॉर्मवर राहतो आणि गाडी सुटते. आता काय? नियम असा की जे चढले त्यांनी पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि उतरल्या जागी उभं राहायचं, जिना चढायचा नाही, पलीकडे जायचं नाही, परत फिरायचं तर अजिबात नाही. जो राहिला त्याने त्याच प्लॅटफॉर्मवरून मागची गाडी पकडून त्याच नंबरच्या डब्यात यायचं. फक्त एक मेख आहे, सुटलेली गाडी फास्ट असेल तर मागची पण फास्टच घ्यायची, नाहीतर ते कुर्ल्याला थांबलेत आणि हा माटुंग्याला उतरून शोधतोय. (लेडीजवाल्यांसाठी: लेडीज डबे एकाहून जास्त असतात, पुढचा की मधला ते आधी ठरवा.)

हा नियम नसेल तर काय होतं ते रोज बघतो. चढलेला काळजीने उलट गाडी पकडून परत येतो, राहिलेला तोवर पुढे गेलेला असतो, दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जातात.

सुगरण_नसलेली:
लोकलवाला, हे मस्त आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मिरजेची_लेक, मुलांचं सांगते. निघायच्या आधी दारातच दोघांचा पूर्ण उभा फोटो काढा, त्याच दिवशीचे कपडे, चपलांसकट. हरवल्यावर "काय घातलं होतं" विचारलं की आईच्या डोक्यातून सगळं पुसलं जातं, निळा की हिरवा तेही सांगता येत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दोन नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी, नाहीतर घामाने जातं. नाव मोठ्या अक्षरात शर्टवर लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की चार वर्षांचं पोर त्याला ओळखीचाच समजतं.

आणि मुलांना "पोलिसांकडे जा" एवढंच सांगून पुरत नाही हो. गर्दीत लहान मुलाला दिसतात फक्त पाय. आमच्या लेकीला सांगितलंय, कडेवर किंवा बोटाला मूल असलेली बाई बघायची आणि तिला सांगायचं "माझी आई चुकलीये". मी हरवले असं नाही, आई चुकलीये!

तिरकस:
आणि मुलांना आईबाबांची नावं पाठ करून घ्या. आमच्या शेजारच्या पोराला विचारलं बाबांचं नाव काय, तर म्हणालं "अहो".

घारापुरी:
तिरकस, हा जोक माझ्या आजोबांनी मला सांगितला होता आणि तेव्हाही तो जुना होता.

पेठेतला:
माझं बालपण नारायण पेठेत गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर खाली सरका.

पहिली गोष्ट, "बेलबाग चौकात भेटू" किंवा "मंडईत भेटू" याला त्या दिवशी काही अर्थ नाही. मिरवणूक मंडईच्या टिळक पुतळ्यापासून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागते आणि टिळक चौकात म्हणजे अलका टॉकीजपाशी येते. या सगळ्या जागा म्हणजे गर्दीचं पोट. तिथे तुम्ही उभे राहू शकत नाही, गर्दी तुम्हाला उभी करेल तिथे उभे राहता. भेटायची जागा नेहमी गर्दीच्या काठावर पाहिजे, मधे नको. मी पाहुण्यांना शनिवारवाडा सांगतो, दिल्ली दरवाजासमोर बाजीरावाचा घोड्यावरचा पुतळा आहे तो. लांबून दिसतो, कुणालाही विचारलं तर सांगतो, आणि मिरवणूक तिकडून जात नाही. तुमच्या सासऱ्यांना "बाजीरावाचा पुतळा" आयुष्यभर लक्षात राहील, "अमुक बँकेच्या एटीएमसमोर" पाच मिनिटंसुद्धा राहणार नाही.

दुसरी, जी बाहेरच्यांना माहीत नसते. लक्ष्मी रस्त्यावर पथक आलं की पथकाची पोरं दोरी धरून गर्दी दोन्ही बाजूंना सारतात. त्या क्षणी जो उजवीकडे तो उजवीकडे, डावीकडे तो डावीकडे. पथक, मग रथ, मग पुढच्या मंडळाचं पथक, असं करत समोर दिसणाऱ्या आपल्याच बायकोपर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. समोर दिसतेय, हात करतेय, ढोलात काही ऐकू येत नाही. तेव्हा आधी ठरवा की आपण रस्त्याच्या या बाजूला, आणि काहीही झालं तरी ओलांडायचं नाही. समोरून चांगलं दिसतंय म्हणून कोणीतरी एक जण ओलांडतोच. बहुतेक वेळा तो जावई असतो.

तिसरं, मानाचेच बघायचे असतील तर सकाळी या. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाच आधी निघतात, दिवसाउजेडी बघता येतात. रात्रीची गर्दी ही वेगळी गर्दी असते, लायटिंग आणि डीजेवाली, तिथे म्हातारी माणसं आणि चार वर्षांचं पोर नको. दुपारी बघून तीन-चारला बाहेर पडलात तर निम्मा प्रश्न मिटला.

नाशिकची_द्राक्षं:
पेठेतला, जावयावरचा राग वैयक्तिक वाटतोय.

पेठेतला:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

टाळकरी_पोर:
आमच्या आज्जीबरोबर वारीला जातो म्हणून लिहितोय. लोकांना वाटतं एवढ्या लाखो माणसांत म्हातारी माणसं हरवत असतील. चालताना हरवत नाहीत हो. कारण तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माऊलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येक दिंडीचा नंबर ठरलेला आणि क्रम कधी बदलत नाही. दिंडीतपण पुढे पताकावाले, मग टाळकरी, मधे विणेकरी, मागे तुळशीवाल्या आणि हंडेवाल्या बाया. आज्जी पाणी प्यायला थांबली आणि दिंडी पुढे गेली तरी तिला फक्त एवढंच विचारायचं असतं, "ही कितवी दिंडी?" नंबर कळला की आपली पुढे आहे का मागे ते कळतं. पुढे असेल तर पाय उचलायचे, मागे असेल तर कडेला बसून राहायचं, आपोआप येते. फोन नाही, काही नाही.

संध्याकाळी मुक्कामाला समाज आरती असते तेव्हा चोपदार चोप (हातातला दंड) उंच करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो, टाळसुद्धा वाजत नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढेच टाळ वाजवत राहतात. तेव्हाच हरवल्या-सापडल्याचं वाचून दाखवतात. कुणाचं घड्याळ, कुणाची पिशवी, कुणाचा माणूस.

हरवायचं असतं ते पंढरपुरात. तिथे पोचलं की दिंडी मोडते, जो तो आपापला चंद्रभागेला, प्रदक्षिणेला, कळसाच्या दर्शनाला. मग दिवसभर स्पीकरवर चालू, "अमुक गावच्या तमुकबाई, तुम्ही जिथे असाल तिथून नामदेव पायरीपाशी यावे, तुमची माणसं वाट बघत आहेत". आता एकादशीला नामदेव पायरीपाशी जाऊन बघा किती माणसं वाट बघत असतात.

एनएसएसवाला_जुना:
टाळकरी_पोर, रामकृष्णहरी. मी कॉलेजात असताना एनएसएसकडून (राष्ट्रीय सेवा योजना) एकादशीला अशाच एका मदत केंद्रात बसलो होतो, तिथला एक किस्सा. साधारण सत्तरीच्या आजी, नऊवारी, कपाळाला बुक्का, शांतपणे येऊन बसल्या. "मालक चुकल्याती." नाव विचारलं तर हसून मान खाली. मी परत विचारलं, म्हणल्या "असं कसं घेऊ नाव". आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, पण त्या गावच्या, त्या आडनावाच्या माणसांची अख्खी दिंडीच आलेली होती, नुसतं आडनाव पुकारलं असतं तर पन्नास म्हातारे गोळा झाले असते. शेवटी आमच्यातली एक मुलगी हुशार, ती म्हणाली आजी उखाणा घ्या. आजींनी घेतला, पदर सावरून, विठ्ठल-रखुमाईचा. आणि माईक चालू होता!! बाहेरच्या रांगेतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. थोड्या वेळाने आजोबा आले ते तावातावाने, "अगं माझं नाव सगळ्या पंढरपुरात केलंस की".

नंतर कळलं की आजोबा तासभर पलीकडच्या दुसऱ्या केंद्रात बसले होते, हिला शोधायला सांगून. दोघंही आपापल्या जागी बसून होते, म्हणून सापडली. एक जण जरी फिरत असता तर संध्याकाळ झाली असती.

सुगरण_नसलेली:
वाह!! एनएसएसवाला_जुना, दंडवत. उखाणा काय होता तो पण सांगा ना.

एनएसएसवाला_जुना:
आठवत नाही हो. आता बनवून सांगितला तर खोटं होईल.

गणिती_गोंधळ:
शेवटच्या वाक्याबद्दल थोडं वेगळं मत. दोघंही बसून राहिले तर सापडायला तिसरा माणूस लागतो, तो स्पीकर होता म्हणून जमलं. तिसरा कोणी नसेल तर दोघंही वाट बघत बसतील आणि कोणीच येणार नाही. दोघंही फिरले तर पेठेतला यांच्या गल्ल्यांमधे एकमेकांच्या मागे-पुढे फिरत राहतील. गणितात याच्यावर खरंच काम झालंय, दोन हरवलेल्या माणसांनी कसं भेटावं यावर. एकाने थांबायचं आणि एकाने पद्धतशीर शोधायचं ही त्यातली साधी आणि चांगली युक्ती आहे, पण कोण थांबणार हे हरवायच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर ठरवायला भेट कुठे होतेय. लोकलवाला यांचा नियम नेमका हाच आहे, चढलेला थांबणार, राहिलेला येणार. मला वाटतं या सगळ्या धाग्याचं मर्म तिथेच आलंय.

थॉमस शेलिंग म्हणून अर्थतज्ज्ञ होते, २००५ चं नोबेल मिळालं त्यांना. त्यांनी लोकांना विचारलं होतं, तुम्हाला न्यू यॉर्कमधे एकाला भेटायचंय, जागा-वेळ ठरलेली नाही, बोलायची सोय नाही, तर कुठे जाल? बऱ्याच जणांनी एकच उत्तर दिलं, ग्रँड सेंट्रल स्टेशनची चौकशीची खिडकी, दुपारी बारा वाजता. न ठरवता. म्हणजे "तो काय विचार करेल याचा मी विचार करेन" असा दोघांनी केला तर जागा सापडते.

तिरकस:
आता सासऱ्यांना गेम थिअरी शिकवा. ते म्हणतील बाजीराव राहू दे, आधी चहा कुठं मिळतो सांग.

घारापुरी:
पण यात काहीतरी आहे. माझे सासरे हरवले की आम्ही थेट जवळची चहाची टपरी गाठतो. ते तिथेच असतात. शेलिंगला आमच्याकडे पाठवा.

कोनबानवा:
तोक्योहून. ग्रँड सेंट्रलवरून आठवलं, इथे शिबुया स्टेशनबाहेर हाचिको कुत्र्याचा पुतळा आहे. मालक गेल्यावरही स्टेशनवर वाट बघत राहिलेला तो. सगळी तोक्यो "हाचिकोपाशी भेटू" म्हणते. परिणाम असा की हाचिकोभोवती एवढी माणसं वाट बघत असतात की तिथेच चुकामूक होते, पुतळ्याच्या या अंगाला मी, त्या अंगाला मैत्रीण, आणि दोघी फोनवर "मी पोचलेय, तू कुठे?" आम्ही आता हाचिकोची शेपटी की तोंड तेही ठरवतो. तेव्हा बाजीरावाच्या घोड्याचं तोंड की शेपटी तेवढं ठरवून घ्या.

आयटीतला_पाटील:
एवढं सगळं वाचून मजा आली पण लोकहो, २१ वं शतक. व्हॉट्सअ‍ॅप लाईव्ह लोकेशन आठ तास चालू ठेवा. मुलांच्या खिशात एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती) टाका, सासूबाईंच्या बटव्यात पण एक. संपला विषय.

पेठेतला:
पाटील साहेब, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एकदा लाईव्ह लोकेशन लावून बघाच. एकेका टॉवरवर झेपतील त्यापेक्षा कितीतरी पट फोन आलेले असतात, त्यात निम्मे लोक व्हिडिओ पाठवत असतात. तुमचा ठिपका मंडईत गोठलेला राहतो आणि तुम्ही असता विजय टॉकीजपाशी. त्यापेक्षा साधा एसएमएस करा. कॉल लागत नाही, नेट चालत नाही तेव्हासुद्धा तो उशिरा का होईना पण जातो. आणि जुन्या बटनांच्या फोनवर पण येतो.

आयटीतला_पाटील:
मान्य, नेटचं मान्य. एअरटॅगला पण आजूबाजूच्या कुणाचा तरी आयफोन लागतो आणि त्याला नेट लागतं. पण विसर्जन सोडून इतर दिवशी, मॉलमधे, एअरपोर्टवर, उपयोग होतो हे तरी कबूल करा की.

पेठेतला:
मॉलमधे हरवायला मॉलमधे गेलं पाहिजे.

बंडूकाका६५:
मंडळी, तुम्ही सगळे फोन एकमेकांना करताय हाच घोळ आहे. चुकामूक झाली की दोघंही घाबरून एकाच वेळी एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही "व्यस्त आहे" ऐकू येतं. मग दोघंही थांबतात, दोघंही परत लावतात, परत व्यस्त.

आमच्या वेळी पीसीओ होते तेव्हाची पद्धत सांगतो. एक माणूस घरी. बाहेर गेलेल्यांनी एकमेकांना शोधायचं नाही, घरी फोन करायचा आणि निरोप ठेवायचा, "मी अमक्या ठिकाणी उभा आहे". दुसरा पण घरीच फोन करतो, त्याला निरोप मिळतो. घरचा माणूस म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. आमच्या चाळीत फोन एकाच घरी होता, त्या काकूंनी किती माणसं जोडून दिली असतील याला गणती नाही. आजही हेच करा. गर्दीबाहेरचा, ज्याच्या फोनला रेंज आहे असा एक माणूस ठरवा. तो नागपूरला असला तरी चालतो. आणि त्याचा नंबर फोनमधे नको, कागदावर हवा, कारण हरवलेला फोन हा हरवलेल्या माणसापेक्षा आधी बंद पडतो.

लोकलवाला:
काका +१. हे सगळ्यात भारी आहे.

मी_वाईकर:
धागा हलकाफुलका चाललाय पण एक गंभीर गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही वाईचे. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला काय झालं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, जवळपास ३०० माणसं गेली. मुंबईकरांना एल्फिन्स्टनचा पूल आठवत असेल, २९ सप्टेंबर २०१७, २३ जण. अशा ठिकाणी "आपलं माणूस मागे राहिलं" म्हणून उलटं फिरणं हा सगळ्यात मोठा धोका असतो. गर्दी एवढी दाटली की पाय आपोआप उचलले जातायत, हात खाली अडकलाय, तर त्या वेळी शोधाशोध बंद. हात छातीपुढे घ्यायचे म्हणजे श्वासाला जागा राहते, लोंढ्याबरोबर चालत तिरकं तिरकं कडेला सरकायचं, चप्पल मोबाईल काहीही पडलं तरी वाकायचं नाही. माणूस नंतर सापडतं. घरात हे आधी बोलून ठेवा, म्हणजे आईला माहीत असेल की पोरगा परत फिरणार नाहीये आणि पोराला माहीत असेल की आई फिरणार नाहीये.

आणि म्हणूनच पदराला पदर, हाताला हात बांधून साखळी करायच्या मी विरोधात आहे. एक पडला की सगळे.

टाळकरी_पोर:
वाईकर, चेंगराचेंगरीचं पटलं. पण पदराचं थोडं अन्याय करताय. आमच्याकडच्या बाया गाठ मारत नाहीत, पुढचीच्या पदराचं टोक मुठीत धरतात. ओढ बसली की सुटतो. आज्जी म्हणते, धरायचा पदर, धरायची नाही बाई.

मी_वाईकर:
मुठीत धरलेला असेल तर हरकत नाही.

न्यूजर्सीची_नलू:
इकडे लहान मुलांना पाठीवर पट्ट्याची पिशवी लावतात, तिची दोरी आईच्या हातात. आम्ही आमच्या धाकट्याला लावली होती, भारतात आलो तेव्हापण लावली तर सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. "कुत्र्यासारखं बांधलंय नातवाला." मिरजेची_लेक, तुमच्या चार वर्षांच्यासाठी विचार करा, पण सासूबाईंना आधी विचारा.

सुगरण_नसलेली:
मी सासूबाईंच्या बाजूने आहे, आधीच सांगते. चार वर्षांचं मूल बाबांच्या खांद्यावर. त्याला मिरवणूक पण दिसते.

न्यूजर्सीची_नलू:
आणि बाबांच्या मानेचं काय? आणि पथकाच्या ध्वजाचा बांबू फिरतो त्या उंचीवरच डोकं येतं की पोराचं. खांद्यावर कडेला उभं असताना ठीक, चालताना नाही.

घारापुरी:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मुद्द्याची_बाई:
इतके प्रतिसाद झाले आणि खरं कारण कुणीच लिहिलं नाही. माणसं गर्दीमुळे चुकत नाहीत, न सांगता थांबल्यामुळे चुकतात. एकीच्या चपलेचा अंगठा तुटतो, एकाला मक्याचं कणीस दिसतं, आणि बायकांना बाथरूमला जायचं असतं पण बाप्यांसमोर मोठ्याने सांगायची लाज वाटते. मग नणंद-भावजय हळूच निघतात, "आत्ता येतो" म्हणून, तेही एकालाच सांगून, तो विसरतो. त्या दिवशी पेठेत बायकांची सोय शोधायला अर्धा तास जातो. तुमच्या सासूबाईंची सोय कुठे होणार ते आधी बघून ठेवा, ओळखीचं कुणाचं घर असेल तर उत्तम, निम्मी चुकामूक तिथेच वाचेल. आणि एक साधी पद्धत लावा, ज्याला थांबायचंय त्याने आधी पुढच्याचा खांदा धरायचा, मग थांबायचं. ओरडून उपयोग नाही.

मिरजेची_लेक:
बापरे, दोन दिवस ऑफिसच्या गडबडीत बघितलं नाही तर केवढा धागा वाढलाय. सगळ्यांचे आभार, घरी मोठ्याने वाचून दाखवला. सासरे फोनवर होते, त्यांना उखाण्याचा किस्सा फार आवडला आणि सासूबाई म्हणाल्या मी तर सरळ नाव घेईन, त्यात काय.

तर ठरलंय ते असं. सकाळी जायचं, तीनला बाहेर. सात जण एकत्र ठेवायचा हट्ट सोडलाय, जोड्या केल्यात. सासूबाई आणि माझी लेक (दोघी एकमेकींना सोडत नाहीत, कोण कुणाला सांभाळतंय ते विचारू नका), सासरे आणि माझा नवरा, नणंदेकडे खाऊची पिशवी आणि धाकटा माझ्याकडे. प्रत्येकाने फक्त आपल्या जोडीदाराकडे बघायचं. चुकलं तर आजी-नातीची जोडी आहे तिथेच कडेला बसणार, बाकीचे शोधणार. एक्स्चेंज म्हणून मिरजेची माझी आई, ती फोन पहिल्या रिंगला उचलते. तिचा नंबर सगळ्यांच्या खिशात कागदावर.

राहिला सासूबाईंचा मोबाईल. चालू ठेवा म्हणलं की "हो" म्हणतात आणि बंद करतात.

बंडूकाका६५:
ताई, चालू ठेवा म्हणू नका. "दर तासाला एकदा चालू करून तुमच्या विहिणीला फोन करा आणि गणपती कसा दिसतोय ते सांगा" असं सांगा. काम दिलं की माणूस करतं. विहिणीला पण बरं वाटेल.

मिरजेची_लेक:
काका!! हे चालणार. दोघी तशाही तासभर बोलतात.

लोकलवाला:
जोड्यांची कल्पना चांगली. अवांतर: दादरचं लिहिलं म्हणून आठवलं, डिसेंबर २०२३ पासून दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदललेत. आधी वेस्टर्नला पण एक नंबर होता आणि सेंट्रलला पण, त्यामुळे "दादरला एक नंबरवर थांबलोय" म्हणणारी दोन माणसं दोन वेगळ्या एक नंबरवर थांबायची. आता वेस्टर्न १ ते ७ आणि सेंट्रल ८ ते १४. पण जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, तेव्हा बाहेरगावच्यांनी वेस्टर्न की सेंट्रल हे विचारूनच घ्यावं.

नाशिकची_द्राक्षं:
लालबागला पण सेम. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. आमच्यातले तिघं बोलत बोलत एका रांगेत, दोघं दुसरीत, आणि मग दोन्ही रांगा बाहेर पडेपर्यंत काहीच करता येत नाही. आमच्याकडे आता २०२७ चा सिंहस्थ येतोय, रामकुंडावर काय होईल विचारू नका. प्रयागला म्हणे भुले-भटके शिबिर आहे, १९४६ पासून चालू, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवायचं एवढंच काम. पंचवटीत असं काही असेल तर मी नाव द्यायला तयार आहे, उखाणे पाठ करून बसते.

सुगरण_नसलेली:
नंबर कुणी लिहिले नाहीत म्हणून लिहिते. ११२ सगळ्यासाठी, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९. स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दल) सांगा, त्यांची "नन्हे फरिश्ते" म्हणून मोहीमच आहे त्यासाठी. फोटो काढून ग्रुपवर फॉरवर्ड करत बसू नका, मूल घरी पोचून दहावीला बसतं तरी तो फोटो फिरत असतो.

हळूबाई:
वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. विसर्जनाचं झालं, पण दिवाळीआधी तुळशीबागेत काय करायचं? मी आणि बहीण आत गेलो की नवरे बाहेर, आणि मग दोन तास फोनाफोनी.

पेठेतला:
तुळशीबागेतल्या राममंदिराच्या आवारात बसवा त्यांना. आत शांत असतं, सावली असते, पायरीवर बसता येतं.

तिरकस:
बसवा, पण लवकर जा. मागच्या दिवाळीत पायरीवर जागा नव्हती. सगळे तेच बसलेले, मांडीवर पिशव्या घेऊन, आणि कुणाला कुणाची बायको आत आहे हे विचारायची सोय नाही.